कडीला धरू नये

भिकाजी आमच्या कुवेतमधल्या, रिग्गईच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते ओट्याशी गेले आणि दह्याच्या मडक्यावर मधल्या बोटाच्या पेराने टक्कन वाजवलं. मान वाकडी करून ऐकलं. मग पाणी प्यायले. "मडकां बरां असा," एवढंच म्हणाले. मडकं मी सुपरमार्केटमधून आणलेलं, कुठल्या देशाचं होतं देव जाणे. पण कोकणातल्या कुंभाराने ते पास केलं, याचा मला उगाचच आनंद झाला.

मातीची वस्तू दिसली की वाजवायची, ही त्यांची सवय. फुलदाणी असो, कुंडी असो, नाहीतर बुखुर जाळायचं धुपाटणं असो. आपल्याकडे उन्हाळ्यात माठ घेताना गिऱ्हाईक वाजवून बघतं, तसंच. फक्त गिऱ्हाईक एकदा वाजवतं आणि पैसे देऊन मोकळं होतं. भिकाजी रोज वाजवत. माणसाला 'काय, बरं आहे ना?' विचारावं, इतक्या सहज.

घराण्याने ते कुंभार, इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, सुतार. सिंधुदुर्गातल्या एका लहान गावातून सहा वर्षांपूर्वी कंत्राटी कामावर कुवेतला आले आणि जहऱ्याला आठ जणांच्या खोलीत राहू लागले. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, आणि खांद्यावर कायम पंचा, कंपनीच्या निळ्या गणवेशावरसुद्धा. मुकादमाने तो काढायला सांगितला की काढायचे, मुकादमाची पाठ फिरली की परत पंचा खांद्यावर. मी त्यांना तोंडावर अहोजाहो करत होते. घरी नवऱ्याशी बोलताना मात्र 'आमचा तो सुतार' म्हणायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी कुणाचा फार चांगला ग्रह व्हायला नको.

मी मिरकाबमध्ये एका खाजगी संग्रहाचं काम बघते. संग्रह म्हणजे एका वृद्ध कुवेती गृहस्थांच्या जुन्या घरातल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची एक कामाची खोली. त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव हमद, म्हणून सगळे त्यांना बू-हमद म्हणतात, हमदचे वडील. तरुणपणी व्यापारासाठी जग फिरताना त्यांना पेरू देशातल्या जुन्या मातीच्या भांड्यांचं वेड लागलं. दीडेक हजार वर्षांपूर्वीची ही भांडी, चाकाशिवाय, साच्यात माती दाबून केलेली. आणि भांडं म्हणजेच माणसाचं डोकं. डोक्याला गुंडाळलेलं फडकं, गाल, नाक, ओठ, उघडे डोळे. वर बादलीच्या कडीसारखी वळवलेली पोकळ नळी आणि तिच्या मधोमध पाणी ओतायचं तोंड. चेहरे देवाबिवाचे नाहीत, खऱ्याखुऱ्या माणसांचे. एक गालफुग्या, एक हसरा, एक आंधळा, एकाच्या वरच्या ओठावर जुन्या जखमेचा व्रण. अशी अठरा डोकी तिथे फळ्यांवर बसलेली असतात आणि सकाळी दिवा लावला की सगळी एकदम तुमच्याकडे बघतात.

मी मूळची पुण्याची, शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. नवरा बँकेत, मुलगी शाळेत, आणि ही नोकरी मला ओळखीतून लागली. नोंदवही ठेवायची, पाहुण्यांच्या वेळा ठरवायच्या, फोटो काढायचे. पण पाहुण्यांसमोर मी असा आव आणायचे, की पेरूतच माझं बालपण गेलं होतं.

भांड्यांना लाकडी बैठकी करायच्या ठरल्या आणि कंपनीने भिकाजींना पाठवलं. पहिल्याच दिवशी ते आत आले, चपला दाराबाहेर काढल्या, फळीपाशी गेले आणि काही कळायच्या आत गालफुग्याच्या कपाळावर टक्कन वाजवलं. मी जवळजवळ किंचाळलेच. ते शांतपणे दुसऱ्याकडे गेले. नेमके त्याच वेळी बू-हमद दारात उभे होते. मला वाटलं, आता सुताराची काही खैर नाही. म्हातारबाबा काठी टेकत आले, त्यांनी भिकाजींचं बोट पाहिलं आणि स्वतः हसऱ्याच्या डोक्यावर वाजवून कान लावला. मग मला सांगायला लागले, की त्यांच्या लहानपणी, घरात नळ नव्हता तेव्हा, अंगणात पाण्याचा मोठा रांजण असायचा आणि नवा रांजण घेताना त्यांची आई असंच करायची. त्या दिवसापासून त्या दोघांची भाषेवाचून दोस्ती झाली. रोज सकाळी भिकाजी ओळीने अठरा टिचक्या मारायचे. गुरुवारी म्हातारबाबा आले की दोघं मिळून. हमदला ते आवडत नसे. तो व्यवहारी माणूस, विम्याचे कागद त्याच्याकडे असत.

व्रणवाल्यापाशी मात्र भिकाजी पहिल्याच दिवशी थांबले. तीनदा वाजवलं, एकदा कपाळावर, एकदा मानेवर आणि मग नखाने अगदी हलकेच कडीच्या बुडाशी.

"हेचो आवाज बसलेलो असा," ते म्हणाले. "कडी कोणीतरी मागसून चिकटवल्यान, वरसून रंग लावल्यान. कडयेक धरून उचलू नका, वयनीनूं."

मी भिंग घेऊन पाहिलं. मला काही दिसलं नाही. नोंदवहीत लिहून ठेवते, असं मी त्यांना सांगितलं. ते माझं कामच होतं, भांड्याची तब्येत काय आहे ते इंग्रजीत लिहायचं. मी लिहिलं नाही. सुताराच्या बोटाच्या भरवशावर नोंद करायची म्हणजे हसं व्हायचं, असं मला वाटलं.

त्यांनी मात्र लिहिलं. प्रत्येक बैठकीच्या मागच्या बाजूला, सुताराच्या जाड पेन्सिलीने, मराठीत. आधी पट्टी धरून शिरोरेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर लटकवायचं, शाळेत शिकवल्यासारखं. हसऱ्याच्या बैठकीवर 'तळ पातळ, हळू ठेवणे'. आंधळ्याच्या बैठकीवर 'डावीकडे झुकतो'. व्रणवाल्याच्या बैठकीवर 'जोड आहे. कडीला धरू नये'. त्या अख्ख्या घरात ही अक्षरं वाचू शकणारी मी एकटी होते. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं. मी वाचलं म्हणजे सगळ्यांना कळलं.

चेहऱ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. गालफुग्या म्हणजे त्यांच्या गावचा पोलीसपाटील. आंधळा म्हणजे देवळातले पुराणिक. एक आखूड मानेचा, कपाळाला आठ्या घातलेला होता, त्याचं नाव ते सांगत नसत, नुसतेच हसायचे. एकदा माझा नवरा मला न्यायला आत आला. भिकाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, आणि लगबगीने रंधा उचलून खाली मान घालून लाकूड तासायला लागले. तेव्हापासून त्या डोक्याकडे बघून मलाही गंभीर राहता येत नाही. व्रणवाल्याला मात्र ते 'मामा' म्हणत. कुणाचा मामा ते कधी सांगितलं नाही. त्याच्यासमोर उभे राहिले की पंचा खांद्यावर नीट करायचे.

एकदा त्यांनी तारेला बांधलेला दंतवैद्याचा इवलासा आरसा कुठूनसा पैदा केला आणि मोबाइलचा उजेड पाडून गालफुग्याच्या कडीवरच्या तोंडातून आत सोडला. कितीतरी वेळ वाकून बघत होते. मग मला म्हणाले, "हो डावरो होतो." मला वाटलं, गालफुग्या डावखुरा होता असं म्हणतायत. ते म्हणत होते कुंभाराबद्दल. साच्यात माती दाबताना आतून उमटलेले अंगठे सगळे एका बाजूला कललेले होते. मी गंमत म्हणून हे बू-हमदना सांगितलं. म्हाताऱ्याला पुरावा हवा झाला. तेव्हा भिकाजींनी वरच्या स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा मागवला, अर्धा एका वाडग्यात आतून उजव्या हाताने दाबला, अर्धा दुसऱ्यात डाव्या, आणि दोन्ही वाडगे आणि आरसा म्हाताऱ्यापुढे ठेवले. म्हातारबाबांनी स्वतः आरसा पुन्हा पुन्हा आत सोडून पाहिला. एवढे पुस्तकी लोक येऊन गेले, पण भांडं केलेल्या माणसाचा हात कुणी दाखवला नव्हता, असं ते नंतर मला म्हणाले. हे तर मी पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगत असे. फक्त 'आमच्या लक्षात आलं' असं म्हणायचे.

गणपतीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. लहानशी मूर्ती कुणीतरी मुंबईहून सामानातून आणतं. त्या वर्षी ती चवथीच्या चार महिने आधीच आली आणि प्रवासात तिचे डोळे पुसटले. मी भिकाजींना विचारलं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते जहऱ्याहून आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, रिकाम्या पोटी आले. जमिनीवर बसले. बारीक ब्रश माझ्या मुलीच्या रंगपेटीतला. श्वास रोखून एक रेघ, थांबून दुसरी. दहा मिनिटांत मूर्ती बघायला लागली. मुलीने इंग्रजीत काहीतरी कौतुक केलं, ते त्यांना कळलं नाही, पण हसले.

चहा पिताना सांगायला लागले. त्यांच्याकडे चवथीच्या आधी दीड महिना घर मूर्तींनी भरलेलं असतं. माती मळायला घरातली सगळी, रंगाला पुतणे, पण डोळे आखायचे ते भिकाजींनीच. आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर ते. कुवेतला आल्यापासून कंपनी दोन वर्षांनी रजा देई, तीही हिवाळ्यात. सहा चवथी हुकल्या होत्या. डोळे आता धाकटा भाऊ आखत होता.

"तो वायट आखता असा नाय," ते म्हणाले. "पण लोकांका कळता. गणपती बघता, पण आपल्याकडे बघणा नाय."

मी हे बू-हमदना सांगितलं. एवढं एक चांगलं काम मी केलं, आणि तेच पुढे जास्त बोचलं. म्हातारबाबांनी ठरवलं, की भिकाजींना कंपनीकडून सोडवून घराच्या नोकरीत घ्यायचं. त्यांचा इकामा घराच्या नावावर होईल, भांड्यांची देखभाल त्यांच्याकडे राहील, आणि दरवर्षी चवथीआधी दोन महिने रजा. भिकाजींना हे मी मराठीत समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पंच्याने हात पुसत राहिले, हात कोरडे असूनही. हमदने कागद तयार करायला घेतले. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न होता.

त्या आठवड्यात व्रणवाला फोटोसाठी मागच्या कामाच्या खोलीत, त्याच्या बैठकीसह टेबलावर ठेवलेला होता. त्या खोलीत कॅमेरा नाही. मंगळवारी आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या तिघीजणी आल्या. मीच बोलावलं होतं. हळदीकुंकवाला मी नेहमी भांड्यांविषयी इतकं बोलायचे, की एकदा दाखव तरी, असं त्या म्हणाल्या होत्या. भिकाजी तेव्हा पुढच्या खोलीत फळी बसवत होते. मी डावखुऱ्या कुंभाराची गोष्ट रंगवून सांगितली. मग एकीने विचारलं, की हे आतून पोकळ असतं का, जड असतं का. आणि मी, चहाची किटली उचलावी तसं, ते भांडं कडीला धरून उचललं.

मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच सकाळी बैठक पुसताना ती ओळ मी वाचली होती. पण तिघी माझ्या हाताकडे बघत होत्या आणि आपल्याला या वस्तू किती सवयीच्या आहेत, हे मला त्यांना दाखवायचं होतं.

पापड मोडावा तेवढाच आवाज झाला. भांडं पडलं नाही, दुसरा हात खाली होता. पण कडी सुटली, हिसक्याने चेहऱ्यावर आपटली आणि व्रणाजवळच्या ओठाच्या कोपऱ्याचा टवका उडाला. तिघींपैकी कुणाला नीट कळलंही नाही. हे असंच असतं, सुटं, असं मी म्हणाले आणि कडी वर टेकवून ठेवली. टवका कागदात गुंडाळून तिथेच मागे ठेवला. मग त्यांना चहा पाजला.

बुधवारी सकाळी भिकाजी टिचक्या मारत मारत कामाच्या खोलीत आले. बोट वर उचललं आणि तसंच राहिलं.

"ह्येका कोणी उचलल्यान?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नाही, आपोआप सुटलं असेल, असं मी म्हणाले. त्यांनी तुटलेल्या जागेकडे पाहिलं. तिथे जुना पिवळट गोंद स्पष्ट दिसत होता. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही. तरी ते मला समजावणीच्याच सुरात म्हणाले, की जुना जोड होता, परत नीट बसवता येईल, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त म्हाताऱ्यांका आजच सांगूक व्हया. फोन करते, असं मी म्हणाले. दिवसभर फोन माझ्या टेबलावर होता.

खरं सांगायचं तर मला काहीही झालं नसतं. म्हातारबाबा चुकचुकले असते, हमद दोन शब्द बोलला असता. नोकरी गेली नसती. आणि गेली असती तरी नवऱ्याच्या पगारात आमचं छान चाललं होतं. पोटाचा प्रश्न असता तर मी आज स्वतःला काहीतरी समजावू शकले असते. माझा प्रश्न फक्त एवढा होता, की जी बाई सगळ्यांना भांडी कशी हाताळायची ते शिकवते, तिने किटलीसारखं भांडं उचललं, हे कुणाला कळू नये.

गुरुवारी बू-हमद आले ते थेट मागच्या खोलीत. मी मागोमाग धावले, पण त्यांनी सवयीने वाजवलं होतं आणि कडी टेबलावर घरंगळली होती. म्हातारा आपलं बोट बघत उभा राहिला. क्षणभर त्यांना वाटलं, आपणच तोडलं. मी तेव्हाही बोलले नाही. हमद आला, त्याने तुटलेला भाग पाहिला, कागदातला टवका पाहिला आणि म्हणाला, की हे आजचं नाही. मग त्याने फोनवर पुढच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. मागच्या आठवड्याच्या तीन सकाळी, तीन वेळा, भिकाजींचं बोट व्रणवाल्याच्या कपाळावर, मानेवर, कडीच्या बुडाशी. या माणसाला घराच्या नोकरीत घ्यायचं का, असं त्याने वडिलांना विचारलं. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. त्याने फक्त नोंदवही मागितली, आधीचा काही दोष लिहिलाय का बघायला. ते पान कोरं होतं.

भिकाजींना बोलावलं. ते दारात चपला काढून आले, टेबल पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मी सांगितलं असणार, आता बोलणं होईल, असं त्यांना वाटलं असावं. हमदचा सूर ऐकल्यावर ते गोंधळले. मग पुढे होऊन त्यांनी रिकामी बैठक उचलली, उलटी केली आणि पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, हिनी मक्तूब," ते म्हणाले. इथे लिहिलंय. आणि माझ्याकडे हात केला. "मॅडम मालूम."

बू-हमदनी बैठक त्यांच्या हातातून घेतली आणि मला दिली. त्यांना त्या माणसाला वाचवायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते इंग्रजीत म्हणाले, "वाच, बेटी. काय लिहिलंय त्याने?"

जोड आहे. कडीला धरू नये. पट्टी धरून ओढलेली शिरोरेघ, खाली अक्षरं. मी वाचली. वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ मी तिकडे बघत राहिले. हे मोठ्याने वाचलं, तर पुढचा प्रश्न येणार, की मग हे तुला माहीत होतं. आणि त्याच्या पुढचा, की या खोलीत तुझ्याशिवाय कोण आलं होतं.

"माप आहे," मी म्हणाले. "लाकडाचं माप."

भिकाजींना इंग्रजी येत नव्हतं. पण ते माझं तोंड बघतच नव्हते, ते त्या दोघांचे चेहरे बघत होते. ती ओळ ऐकल्यावर त्या चेहऱ्यांत काहीतरी हलायला हवं होतं. हललं नाही. हमदने मान फिरवली, म्हातारबाबा खुर्चीत बसले. तेव्हा भिकाजी माझ्याकडे वळले.

"वयनीनूं, काय सांगितलात तेंका?"

"सांगितलं," मी म्हणाले. "जे लिहिलंय ते."

त्यांनी मान हलवली, ऐकलं अशी. एकदा पंचा नीट केला. त्यांच्याजवळ त्या खोलीत माझ्याखेरीज दुसरं तोंड नव्हतं, आणि ते मी बंद केलं होतं.

पोलिसात जायचं नाही, एवढं बू-हमदनी बजावलं. घराच्या नोकरीचे कागद मात्र हमदने फाडले आणि कंपनीला कळवलं, की या माणसाला आमच्याकडे पाठवू नका. वस्तू मोडली म्हणून परत आलेला माणूस कंपनीला कशाला हवा असतो? त्यांच्या कागदपत्रांच्या माणसाने इकामा रद्द करायला टाकला. त्या दिवसांत मी स्वतःची अशी समजूत घालत होते, की बरंच झालं, चवथीला घरी पोचतील, डोळे आखतील. हे मी नवऱ्यालाही म्हणून दाखवलं. झालं काय होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. चांगलंच की मग, असं म्हणून तो जेवायला लागला. मी त्याला भात वाढला. चवथीला घरी जाणं वेगळं आणि काहीतरी मोडून ठेवलं म्हणून हाकलला गेलेला माणूस म्हणून जाणं वेगळं, एवढं मलाही कळत होतं. कुंभाराच्या हातून भांडं गेलं, असं गावात होणार.

दहा-बारा दिवसांनी ते हत्यारं न्यायला आले. कंपनीचा पिकअप बाहेर चालू ठेवलेला होता, आणि हवेत धूळ इतकी, की समोरची इमारत दिसत नव्हती. मी दार उघडलं. त्यांनी चपला काढल्या. मी बसा म्हणाले, चहा करते म्हणाले, तिकिटाचं विचारलं. ते प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर देत होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

हत्यारं पेटीत भरून झाल्यावर ते पुढच्या खोलीत गेले. व्रणवाला डागडुजीनंतर परत फळीवर आला होता. कडी बसली होती, पण ओठाचा कोपरा जरा वेगळ्या रंगाचा दिसत होता. भिकाजींनी दोन्ही तळवे खालून घालून भांडं उचललं, बाजूच्या गादीवर ठेवलं, आणि बैठक घेऊन जमिनीवर मांडी घातली. पेटीतून पॉलिशपेपर काढला. ती ओळ घासायला लागले. घाई नव्हती. आधी अक्षरं गेली, मग शिरोरेघ.

मी म्हणाले, "राहू दे ना, भिकाजी."

त्यांनी वर पाहिलं. आवाजात काहीही नव्हतं, लाकडाविषयी बोलत असावेत तसा आवाज.

"आता थंय ता कित्याक, वयनीनूं? हय वाचणारो कोण असा?"

मग त्यांनी फुंकर मारली, पंच्याने बैठक पुसली, जागेवर ठेवली आणि मामाला तसंच दोन्ही हातांनी तिच्यावर बसवलं, तोंड आमच्याकडे करून. बाकीच्या सतरा बैठकींना हात लावला नाही. त्यांच्यावरच्या ओळी मी आता नोंदवहीत इंग्रजीत उतरवून ठेवल्या आहेत. अठरावं पान अजून कोरं आहे. त्याच्यावर काय लिहायचं ते मला माहीत आहे, पेन घेऊन अनेकदा बसलेही आहे. बू-हमद अजून गुरुवारी येतात, पण वाजवत नाहीत.

जाताना भिकाजी ओळीसमोरून दारापर्यंत गेले. पोलीसपाटील, पुराणिक, माझ्या नवऱ्याचा तो जुळा भाऊ, सगळ्यांच्या समोरून. रोज जाता जाता शेवटच्या डोक्यावर एक टिचकी मारायची त्यांची सवय होती. पेटी तशी लहानच होती, एका हातात मावणारी. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.